आपल्या माणसांसमोर

मुसलमानांविरुद्धच्या विखारी बोलण्याचा कुण्या नेत्यानं निषेध केला अशी बातमी आली, की मी आधी तो कुठे उभा राहून बोलला ते शोधते. काय बोलला ते नंतर वाचते. इफ्तारच्या दस्तरखानावर बोलला, की स्वतःच्या पक्षाच्या मेळाव्यात? पुण्यातल्या मुस्लिमबहुल कोंढव्यात बोलला, की हिंदूबहुल कोथरूडमध्ये? वाक्य एकच असलं तरी दोन ठिकाणी त्याचं वजन वेगळं पडतं.

ही सवय मला हडपसरच्या खुनानंतर लागली. २ जून २०१४ च्या रात्री नमाज पढून परतणाऱ्या २८ वर्षांच्या एका तरुणाला टोळक्यानं रस्त्यात गाठून मारलं. मुलगा सोलापूरचा, पुण्यात आयटीत नोकरीला. त्याआधी दोन-तीन दिवस फेसबुकवर शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकऱ्यांची विटंबना करणारी चित्रं फिरत होती आणि शहर तापलेलं होतं. त्या चित्रांशी या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढी ओळख मारणाऱ्यांना पुरली. मी तेव्हा त्याच बाजूला नोकरी करत होते, ऑफिसची बस गाडीतळावरून जायची. त्याच्यासारखी किती तरी मुलं आमच्या इमारतीत होती. सोलापूर, लातूर, नांदेडहून इंजिनिअर होऊन आलेली, एका खोलीत तिघं-चौघं राहणारी, पहिल्या पगारातून आईला फोन घेऊन देणारी. त्या आठवड्यात कँटीनमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पुण्याचे नवे खासदार निवडून येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. फेसबुकवरचा मजकूर फार वेदनादायक होता, थोडीफार प्रतिक्रिया उमटणं स्वाभाविक होतं, अशा अर्थाचं विधान त्यांनी केलं. ते वाचल्याचं मला लख्ख आठवतं. हे वाक्य ते कुणाला उद्देशून बोलत होते? त्या मुलाच्या वडिलांना नक्कीच नाही. ते आमच्याशी बोलत होते. माझ्यासारख्या, घरात गणपती बसवणाऱ्या, पेठांमधून उपनगरात आलेल्या मतदारांशी. तुम्हाला जे वाटतंय ते बरोबरच आहे, असा दिलासा ते आम्हाला देत होते.

पुढे खटला चालायचा तसा चालला. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काही आरोपींना जामीन देताना लिहिलं, की मृताचा दोष एवढाच, की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब न्यायालयानं आरोपींच्या बाजूनं धरली. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाला साडेआठ वर्षं लागली. समाजानं त्या खुनाकडे कसं पाहायचं हे मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरून गेलं होतं, आणि ते ठरवण्यात आमच्या लोकप्रतिनिधीच्या एका वाक्याचा हात होता.

नेत्याच्या एका वाक्यात किती ताकद असते हे नेत्यांना ठाऊक नसतं असं म्हणायला जागा नाही. शरद पवारांनी ते १९९३ मध्ये दाखवून दिलं आहे. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या दंगलींत सुमारे ९०० जणांचे जीव गेले होते. पवार नुकतेच मुख्यमंत्री म्हणून परतले होते. स्फोट झालेल्या बहुतेक जागा हिंदू वस्तीच्या किंवा व्यापाराच्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि दूरदर्शनवरून बोलताना त्यांनी तेरावा स्फोट सांगितला, मस्जिद बंदरचा. तो झालाच नव्हता. दोन्हीकडची माणसं मेली आहेत असं लोकांना वाटावं, म्हणजे सूड म्हणून कुणी मुसलमानांच्या वस्तीवर चालून जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. मुंबईत त्यानंतर पुन्हा दंगल उसळली नाही.

सत्ताधाऱ्यानं जनतेशी खोटं बोलावं हे मला आजही पटत नाही. उद्या दुसरा कुणी उलट्या हेतूनं चौदावा स्फोट सांगेल, ही भीती मनातून जात नाही. तरी त्या संध्याकाळी एका मुख्यमंत्र्यानं टीव्हीसमोर बसताना माझ्या शब्दानं कुणाचं घर जळू शकतं आणि कुणाचं वाचू शकतं एवढा विचार केला होता, हे मी विसरू शकत नाही. आणि म्हणूनच, आज कुणी नेता अशा वेळी गप्प बसतो तेव्हा तो नकळत गप्प बसला असं मानायला माझं मन तयार होत नाही. त्यालाही हिशेब येतो.

आपल्या माणसांसमोर बोलणं किती अवघड असतं, याचा मला सापडलेला सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतला आहे. १० ऑक्टोबर २००८ ला मिनेसोटा राज्यातल्या लेकव्हिल गावी, ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांच्या प्रचारसभेत एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, मला ओबामांवर भरवसा नाही, ते अरब आहेत. मॅकेननी त्यांच्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं, नाही बाई, ते सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, त्यांचे-माझे मूलभूत मतभेद आहेत एवढंच. सभेतल्या काहींना ते रुचलं नाही. निवडणूक तीन-साडेतीन आठवड्यांवर आलेली असताना स्वतःच्या मतदाराच्या हातातून माईक घ्यायला छाती लागते. पण ते उत्तर अर्ध्यावरच थांबलं होतं. अरब असणं आणि सभ्य असणं या जणू दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा बाईंचा समज त्यांनी तसाच राहू दिला.

उरलेलं अर्धं उत्तर नऊ दिवसांनी कॉलिन पॉवेल यांनी दिलं. पॉवेल मॅकेन यांच्याच पक्षाचे, माजी परराष्ट्रमंत्री, सेनादलांच्या प्रमुखांच्या संयुक्त समितीचे माजी अध्यक्ष. टीव्हीवर ते म्हणाले, ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे बरोबर उत्तर झालं. पण खरं उत्तर असं आहे, की असते तर काय बिघडलं असतं? या देशात मुसलमान असणं चुकीचं आहे का? आणि आपल्याच पक्षातली वरिष्ठ माणसं ओबामा मुसलमान असल्याची कुजबुज करत होती हे त्यांनी नाव न घेता, पण स्पष्ट सांगितलं. ते चित्रीकरण मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांचा आवाज कुठेही चढत नाही.

त्यांनी पुढे इराकमध्ये पडलेल्या एका वीस वर्षांच्या अमेरिकन मुसलमान सैनिकाच्या थडग्याबद्दल सांगितलं, त्याच्या शिळेवरच्या चंद्रकोरीबद्दल सांगितलं. ऐकताना डोळे भरून येतात, आणि तिथेच मला थोडं अडायला होतं. मुसलमानानं या देशाचा असल्याचा पुरावा म्हणून जीवच दाखवावा लागतो का? आपल्याकडेही नेमकं हेच चालतं. कर्नल सोफिया कुरेशी ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला देशासमोर आल्या तेव्हा सगळ्या पक्षांच्या नेत्यांना त्यांचा अभिमान वाटला. पुणेकरांना तर त्या आधीपासून ठाऊक असायला हव्या होत्या. २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांच्या सैन्यांचा एकत्रित सराव झाला, तेव्हा भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं. पण त्याच मे महिन्यात मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांनी त्यांच्याबद्दल जाहीर सभेत असे काही उद्गार काढले, की उच्च न्यायालयाला स्वतःहून गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं त्यांची माफीही मान्य केली नाही. मंत्रिमंडळातून त्यांना लगेच दूर करण्याचं काम पक्षाच्या हातातलं होतं, त्यासाठी न्यायालय लागत नव्हतं. ते झालं नाही. कर्नल असलेल्या बाईंच्या वाट्याला हे येत असेल, तर मोमीनपुऱ्यात शिवणकाम करणाऱ्या बाईनं कुणाकडे पाहावं?

वाजपेयींचं नाव या विषयात नेहमी आदरानं निघतं, आणि ते निघावंही. गुजरातच्या दंगलींनंतर, ४ एप्रिल २००२ ला अहमदाबादेत, शेजारी मुख्यमंत्री बसलेले असताना, त्यांनी राजधर्म पाळण्याचा सल्ला दिला. राजानं जात, जन्म, पंथ यांवरून प्रजेत भेद करू नये, असं ते म्हणाले. पण त्यानंतर आठच दिवसांनी पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी पणजीत भरली, आणि १२ एप्रिलच्या तिथल्या सभेत त्याच वाजपेयींनी मुसलमान जिथे राहतात तिथे त्यांना इतरांशी मिळूनमिसळून राहायला आवडत नाही अशा आशयाचं भाषण केलं. आपला रोख सगळ्या मुसलमानांवर नव्हता, असा खुलासा नंतर झाला. मला त्या खुलाशापेक्षा दोन सभांमधला फरक महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादेत निर्वासित छावणीला भेट देऊन आलेला पंतप्रधान बोलत होता, पणजीत समोर त्याचे कार्यकर्ते होते. इतका मोठा वक्ता, इतका मुरलेला माणूस, आणि त्यालाही आपल्या माणसांसमोर तेच वाक्य पुन्हा उच्चारता आलं नाही.

नेहरूंनी ते केलं होतं. २ ऑक्टोबर १९५१ ला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, दिल्लीच्या रामलीला मैदानावर ते म्हणाले, की धर्माच्या नावावर जो कुणी दुसऱ्यावर हात उगारेल त्याच्याशी मी अखेरच्या श्वासापर्यंत लढेन, सरकारात असलो तरी आणि नसलो तरी. दिल्ली तेव्हा पंजाबातून सगळं गमावून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांनी भरलेली होती. मतं त्यांचीच मागायची होती.

आपल्याकडचं अलीकडचं सांगायचं तर दिवंगत आणि हयात अशा सगळ्याच नेत्यांच्या तोंडी सलोख्याची काही ठरलेली उदाहरणं असतात. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे पहिली अभंग-आरती होते. हे खरं आहे आणि मला ते अतिशय प्रिय आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं आपले जुलूस पुढे ढकलले. तेही खरं, आणि त्यातला मोठेपणा आम्ही पुरेसा बोलून दाखवला नाही. पण ही उदाहरणं सलोखा परिषदेत सांगितली जातात, जिथे सगळे आधीच सलोख्याच्या बाजूचे असतात. २०२२-२३ मध्ये राज्यभर हिंदू जनआक्रोश मोर्चे निघत होते, व्यासपीठांवरून मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घाला असं सांगितलं जात होतं, तेव्हा ही उदाहरणं कुठे ऐकू आली नाहीत. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना बजावलं, की द्वेषपूर्ण भाषण झालं तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. गुन्हा नोंदवला तरी खटला पुढे न्यायला कायद्यानं सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे मंत्रालयातल्या टेबलावर फाइल पडून राहणं हाही नेत्याचा एक जाहीर प्रतिसादच झाला, फक्त तो वर्तमानपत्रात छापून येत नाही.

२१ मार्च २०२५ ला मुंबईतल्या इफ्तारला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले होते, की मुसलमान बांधवांना कुणी डोळे दाखवले तर त्याला सोडणार नाही. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. ती मला एका जुन्या सहकाऱ्याला दाखवावीशी वाटली. तो मूळचा लातूरचा, माझ्याहून बराच लहान, मला ताई म्हणतो. त्यानं पूर्ण पाहिली आणि फोन परत देत म्हणाला, "ताई, आमच्यात येऊन ते काय बोलतात ते आम्हाला पाठ आहे. तुमच्यात काय बोलतात ते सांगा ना."

आमच्यात ते या विषयावर बोलतच नाहीत, हे मी त्याला सांगितलं. सांगताना जड गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच अजित पवारांच्या पक्षाच्या एका आमदारानं दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्या दुकानांतून करा असं सोलापुरात सांगितलं, तेव्हा पवारांनी ते चुकीचं असल्याचं म्हणत त्याला कारणे दाखवा नोटीस काढली. मला ही नोटीस इफ्तारच्या भाषणापेक्षा मोलाची वाटते. नोटीस म्हणजे कागद, हे मलाही कळतं. पण ती निदान स्वतःच्या घरातल्या माणसाच्या नावानं निघाली होती. त्याच महिन्यात शनिवारवाड्यात काही महिला नमाज पढत असल्याचा व्हिडिओ पसरला आणि खासदार मेधा कुलकर्णी कार्यकर्त्यांसह जाऊन गोमूत्र शिंपडून आल्या. तेव्हाही टीका झाली ती विरोधकांकडून आणि सत्तेतल्या मित्रपक्षांच्या काही नेत्यांकडून. त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्या एखाद्या पुणेकर नेत्यानं पुढे येऊन, कुलकर्णीबाईंच्या शेजारी उभं राहून, हे आपल्या शहराला शोभत नाही असं म्हणायला हवं होतं. ज्या वाड्याला मस्तानीच्या नावाचा दरवाजा आहे, जिचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या जखमांनी गेला, तो वाडा कुणाच्या नमाजानं बाटतो असं मानणाऱ्यांना हे सांगायला इतिहासाचं फार मोठं ज्ञान लागत नाही.

बोलणं आणि वागणं यांतली फट मला सप्टेंबर २०२३ मध्ये फार जाणवली. लोकसभेत रमेश बिधुरी यांनी दानिश अली या खासदारांना त्यांच्या धर्मावरून शिव्या दिल्या. राजनाथ सिंहांनी तिथल्या तिथे खेद व्यक्त केला, आणि त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं, कारण ते आपल्याच पक्षाच्या माणसाबद्दल, आपल्याच बाकांसमोर बोलत होते. मग काहीच दिवसांत त्याच बिधुरींवर राजस्थानात टोंक जिल्ह्याची निवडणुकीची जबाबदारी सोपवण्यात आली. टोंकमध्ये मुसलमान मतदार मोठ्या संख्येनं आहेत. खेदाचे शब्द कामकाजाच्या नोंदीत राहिले, कार्यकर्त्यांपर्यंत पोचलं ते टोंक.

न्यूझीलंडच्या जॅसिंडा आर्डर्न यांचं उदाहरण लोक देतात ते डोक्यावरच्या ओढणीसाठी. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली, त्यानंतरचा त्यांचा तो फोटो जगभर गेला. मला जास्त भावतं ते हे, की १० एप्रिलला, महिना उलटण्याआधी, संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं बंदुकांचा कायदा बदलला. बहुसंख्याकांच्या हातातली वस्तू काढून घेण्याचा तो निर्णय होता, आणि विरोधी पक्षही त्यात सोबत आला.

ब्रिटनच्या सईदा वारसी २०११ मध्ये लेस्टरच्या भाषणात म्हणाल्या होत्या, की मुसलमानांबद्दलचा पूर्वग्रह आता जेवणाच्या टेबलावरही सभ्यपणात खपून जातो. त्या तेव्हा सत्ताधारी हुजूर पक्षाच्या सह-अध्यक्ष होत्या आणि ते टेबल बऱ्याच अंशी त्यांच्याच मतदारांच्या घरातलं होतं. माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं आहे, कारण ते टेबल मी ओळखते. त्यावर आमटी-भात असतो, श्रावणात पुरण असतं. तिथे कुणी शिवी देत नाही. तिथे फक्त, त्या भागात फ्लॅट घेऊ नका, पुढे विकताना त्रास होतो, एवढंच म्हणतात. लातूरच्या त्या सहकाऱ्यानं सिंहगड रस्त्यावर, वारज्यात, बावधनला घरं पाहिली. फोनवर त्याची मराठी ऐकून एजंट खूश असायचे. नाव सांगितलं की फ्लॅट आदल्या दिवशीच गेलेला असायचा. शेवटी तो कोंढव्याला राहायला गेला. मग लोक म्हणतात, हे लोक एकत्रच का राहतात.

आमच्या सोसायटीत निवडणुकीच्या आधी उमेदवार येतात. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडतात, चहा असतो, पाण्याचा दाब, कचरा, चौकातली कोंडी यांवर प्रश्न होतात. सभासदांनी प्रश्न आधी लिहून सेक्रेटरींकडे द्यायचे अशी पद्धत आहे. मी माझा दिला आहे: या इमारतीत मुसलमान कुटुंबाला घर भाड्यानं मिळत नाही, हे आपल्याला योग्य वाटतं का, आणि वाटत नसेल तर ते आत्ता इथे आमच्यासमोर सांगाल का? सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, कशाला, उगाच वातावरण बिघडेल, त्यापेक्षा लेखी विचारा ना त्यांच्या ऑफिसला. मी म्हटलं, ऑफिसात ते मला एकटीला उत्तर देतील. मला ते सगळ्यांच्या देखत हवं आहे. यादीत कुठेही घाला, पण घाला.